वसुली म्हणू नका, कलेक्शन म्हणा

तुळजापूरहून लातूरकडे जाताना औसा लागतं. किल्ल्याचं, तालुक्याचं गाव. बाजारपेठेतून एक फेरी मारली तर साड्यांच्या दुकानाच्या पाटीवर 'कलेक्शन', रक्तलघवी तपासणाऱ्या लॅबच्या काचेवर 'सॅम्पल कलेक्शन', दूध डेअरीत सकाळ-संध्याकाळ 'कलेक्शन चालू'. नव्या सिनेमाचा विषय निघाला की कथा कोणी विचारत नाही, 'पहिल्या दिवसाचं कलेक्शन किती?' एवढंच विचारतात. लातूरला बसतो तो कलेक्टर. आणि दिवस कलायला लागला की खांद्याला पिशवी अडकवून दुकानोदुकानी फिरणारी बाई करते तेही कलेक्शनच. एवढी कामं एकाच शब्दाच्या गळ्यात पडली म्हणजे त्याच्यावरून कधीतरी वाजणारच. ते तहसीलसमोरच्या एका झेरॉक्सच्या दुकानात वाजलं. भांडण म्हणण्याइतकं नाही. चहाच्या दोन फेऱ्या पुरेल असा वाद.

एका बाजूला अण्णा. उभी हयात महसूल खात्यात गेली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, आता मुलाच्या या दुकानात बसून लोकांना अर्ज लिहून देतात. वडील निजामाच्या अमलात उर्दूत दप्तर लिहायचे, त्यामुळे जुन्या कागदांची आणि जुन्या शब्दांची अण्णांना चटक. दुसऱ्या बाजूला ताई. एका पतसंस्थेच्या पिग्मी एजंट, वर त्यांच्या गल्लीतल्या बचत गटाच्या सचिव. अण्णांच्या मुलाची पिग्मी त्यांच्याकडेच.

"अण्णा, कलेक्शन."

"वसुली म्हण की. आपला शब्द आहे."

"वसुली थकलेल्याची असतेय. तुमचं काय थकलंय?"

हे अण्णांना झोंबलं. वसूल म्हणजे थकबाकी नव्हे, वसूल म्हणजे पोचलेलं, असं त्यांनी सुनावलं. रक्कम जिथं पोचायची तिथं पोचली की ती वसूल झाली. मूळ अरबी शब्दात धाकदपटशा कुठंच नाही. ताईंनी पिशवी टेबलावर ठेवली. "अण्णा, पैसा वसूल पिक्चरला म्हणतेत. पण दारात माणूस आला आन् पोरगं ओरडलं, 'आई, वसुलीवाला आलाय', तर शेजारीण खिडकीत येऊन उभारती. तिला कुठं अरबी येतंय?"

अण्णांनी मग समोरच्या इमारतीकडे बोट केलं. पाटीवर काय लिहिलंय? तहसील कार्यालय. तहसील म्हणजे तरी काय? गोळा करणं. महसूल, तहसील आणि हासील हे तिन्ही शब्द अरबीत एकाच धातूचे. महसूल म्हणजे जे हाती येतं ते, तहसील म्हणजे ते हाती घेण्याचं काम, आणि तहसीलदार म्हणजे ते काम ज्याच्याकडे आहे तो. 'रडून काय हशील?' असं म्हणणारी म्हातारी नकळत सरकारी दप्तरातलाच शब्द वापरत असते. म्हणजे इंग्रजांचा कलेक्टर आणि मुसलमानी अमलातला तहसीलदार ही एकाच कामाची दोन भाषांतली नावं. एक जिल्ह्याला बसला, दुसरा तालुक्याला, एवढाच फरक.

यात अण्णा पक्के होते, आणि औशाचा इतिहासही त्यांच्या बाजूने आहे. वॉरन हेस्टिंग्जने १७७२ मध्ये बंगालमध्ये कलेक्टर नेमले. पेशवाई बुडाल्यावर १८१८ मध्ये एल्फिन्स्टनने पुण्याला रॉबर्टसन, नगरला पॉटिंजर, खानदेशात ब्रिग्ज बसवले. मराठवाड्यात मात्र यातलं काही घडलं नाही, कारण मराठवाडा निजामाचा. पहिले सालारजंग १८५३ मध्ये हैदराबादचे दिवाण झाले, तेव्हा तिथे महसूल मक्त्याने दिलेला असे. सावकार असो की अरबांचा जमादार, जो दरबारात आगाऊ पैसा मोजेल त्याने तालुका घ्यावा आणि रयतेकडून हवं तेवढं काढावं. सालारजंगांनी हे मक्ते मोडले, पगारी तालुकदार नेमले, १८६५ मध्ये जिलाबंदी केली. जिल्ह्याचा मुख्य तो अव्वल तालुकदार. त्याच्याही आधी औशाचा किल्ला मलिक अंबरच्या हाती होता आणि काही काळ गावाचं नावच अंबरपूर होतं. मधल्या मक्तेदाराला बाजूला सारून, जमिनीची प्रत पाहून सारा ठरवणारा म्हणून तो दख्खनच्या इतिहासात ओळखला जातो. औशात कलेक्टर हा हुद्दा चालू झाला तो सप्टेंबर १९४८ च्या पोलीस ॲक्शननंतर. तोही आधी उस्मानाबादचा. लातूरचा स्वतंत्र कलेक्टर मिळाला १६ ऑगस्ट १९८२ ला, जिल्हा वेगळा झाला तेव्हा.

ताईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "म्हणजे वसुली बी बाहेरची, तहसील बी बाहेरची, महसूल बी बाहेरचा. मग माझ्या एकट्या कलेक्शनलाच तुम्ही जात का विचारायलेत?"

झेरॉक्स काढायला आलेले दोघे हसले. अण्णाही हसले, पण हटले नाहीत. उलट इथेच त्यांचा खरा आक्षेप बाहेर आला, आणि तो शब्दाच्या परकेपणाचा नव्हताच. तहसील म्हटलं की शेंबड्या पोराला कळायचं की सरकार घेतंय, रयत देतेय. कलेक्शन म्हटल्यावर काय कळतं? कोण घेतंय, कोणाकडून घेतंय, हक्काने की गोडीने, परत देणार की गिळणार? साडीचं कलेक्शन म्हणजे दुकानदाराकडचा साठा, पिग्मीचं कलेक्शन म्हणजे दुसऱ्याचे पैसे, सिनेमाचं कलेक्शन म्हणजे निर्मात्याचा गल्ला. "सगळ्यांच्या तोंडावर एकच मुखवटा," अण्णा म्हणाले.

मुखवटा हा शब्द जरा जास्त झाला, पण तक्रारीत तथ्य आहे. इंग्रजीत कपाटावर धूळ कलेक्ट होते, डबक्यात पाणी कलेक्ट होतं, सरकार कर कलेक्ट करतं, छंदिष्ट माणूस तिकिटं कलेक्ट करतो, आई पोराला शाळेतून कलेक्ट करते आणि भेदरलेला माणूस स्वतःलाही कलेक्ट करतो. मराठीत धूळ साचते, पाणी साठतं, कर वसूल होतो, तिकिटं जमवतात, पोराला आणतात आणि भेदरलेला माणूस स्वतःला सावरतो. पुढेही यादी संपत नाही. कापूस वेचतात, सरपण गोळा करतात, सप्त्याला पट्टी काढतात, गणपतीला वर्गणी मागतात, देवीच्या नावाने जोगवा मागतात, खंडणी उकळतात. पट्टी म्हटली की घरटी ठरलेली, चुकवली तर गावात तोंड दाखवायची चोरी. वर्गणीत घासाघीस चालते. जोगव्यात पसाभर आलं तरी हात जोडायचे. घेणारा आणि देणारा यांचं एकमेकांशी काय नातं आहे ते मराठी क्रियापद आधीच सांगून टाकतं. मग पैशाचा आकडा येतो. (इंग्रजी शब्दाच्या पोटातही एक गंमत आहे. त्याचं लॅटिन मूळ 'लेगेरे', म्हणजे वेचणं, आणि वाचणंही. मराठी पाठ्यपुस्तकांतून एकेकाळी 'वेचे' असायचे ते वाचायलाच. पण हे दोघांपैकी कोणालाच नको होतं.)

अण्णांना वाटलं, जिंकलो. ताईंनी नेमका तोच मुद्दा उलटा धरला.

"एवढे शब्द हायेत म्हणूनच तर अडचण. मी भाजीवालीकडं जाते, ती पन्नास रुपये देती. मी काय करते ते मराठीत सांगा. मागते म्हणलं तर मी भिकारीण. वसूल करते म्हणलं तर ती बुडवी. गोळा करते म्हणलं तर वर्गणी झाली. तिचेच पैसे, तिच्याच खात्यावर चाललेत. मी मधली."

"जमा करतेस म्हण."

"जमा तर संस्थेत गेल्यावर होतंय. माझ्या पिशवीत नाही होत."

"भरणा?"

"भरणा तिचा. ती भरती. मग मी काय करते?"

"उचल."

"अण्णा! उचल मुकादम देतो, ऊसतोडीच्या टोळीला. उचल म्हणलं की ती उद्या कोयता घेऊन ट्रकमध्ये बसायची."

अण्णा गप्प बसले. खरोखरच नेमका शब्द सापडत नाही. दारात जाऊन, रोज, दुसऱ्याची बचत त्याच्याच मर्जीने घेऊन यायची, हे काम जुन्या व्यवहारात नव्हतं. सावकार यायचा तो त्याचे पैसे न्यायला. तुमचे पैसे तुमच्यासाठी साठवायला कोणी येत नसे. ही कल्पना उडुपीच्या एका बँकेने १९२८ मध्ये काढली. १९२५ ला सुरू झालेली ती संस्था पुढे सिंडिकेट बँक झाली आणि २०२० मध्ये कॅनरा बँकेत विलीन झाली. रोज दोन आणे, एजंट घरी येऊन नेणार. एवढ्याशा ठेवीला नाव दिलं पिग्मी. बँक गेली तरी नाव राहिलं, आणि आज मराठवाड्यात पिग्मी म्हटलं की कोणाला आफ्रिकेतली माणसं आठवत नाहीत.

ताईंची फेरी एकदा बघण्यासारखी असते. पानटपरी, चप्पलवाला, पंक्चरचं दुकान, मेडिकल, मग भाजीची रांग. टपरीवाला गल्ल्यातून न बघता नोट काढतो, ताई हातातल्या छोट्या यंत्रावर खाते क्रमांक दाबतात, कर्रकन पावती निघते, तो ती चुरगाळून खोक्यात टाकतो. एवढं करून दोघांची नजरानजर झालेली नसते. पुढे चप्पलवाल्याकडे धंदा झालेला नाही. तो नुसता हात हलवतो, "आज कलेक्शन नको, ताई." ताई पुढे. कोणी रागावलं नाही, कोणी लाजलं नाही. 'आज वसुली नको' असं मराठीत म्हणून बघा. ते वाक्य जिभेवरच येत नाही, कारण वसुलीला नको म्हणायची सोयच नसते. कलेक्शनला आहे. ताईंच्या मते या शब्दाची सगळी कमाई तीच. तो कोरा आहे म्हणून दोन्हीकडची इज्जत राहते.

इथवर पारडं ताईंकडे झुकलं, यात शंका नाही. मग अण्णांनी विचारलं, गटाच्या बायका मायक्रोफायनान्सचे हप्ते भरतात, त्याला काय म्हणतात?

"कलेक्शन," ताई म्हणाल्या. जरा थांबून म्हणाल्या.

"आन् एखादी बाई हप्त्याच्या दिवशी आलीच नाही तर?"

तर बाकीच्या बायका तिथेच बसून राहतात. एकमेकींना जामीन असतात त्या. कोणी पोरीला तिच्या घरी पिटाळतं, कोणी फोन लावतं, शेवटी चौघी पाच जणी मिळून तिचा हप्ता भरतात आणि मग महिनाभर तिच्याशी धड बोलत नाहीत. गोळा करायला आलेला पोरगा आवाज चढवत नाही. त्याला गरजच पडत नाही. "हे कलेक्शन?" अण्णांनी विचारलं. "माणूस नवा, मोबाईल नवा, शर्ट इनमधी खोचलेला. काम सावकाराचंच."

रिझर्व्ह बँकेला तरी या बाबतीत संभ्रम नाही. मार्च २०२२ च्या मायक्रोफायनान्सच्या निर्देशांत तिने हप्त्याच्या या भागाला सरळ कर्जाची वसुलीच म्हटलं आहे. वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला तारणाशिवाय दिलेलं कर्ज ते मायक्रोफायनान्स. घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. वसुली दोघांनी ठरवलेल्या जागीच व्हावी. लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा कर्जदार तिथे आला नाही तरच घरी किंवा कामावर जावं. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करू नये. नातेवाइकांना, सोबत्यांना त्रास देऊ नये. २०१० मध्ये आंध्रात या हप्त्यांवरून एवढं रान पेटलं की सरकारला अध्यादेश काढावा लागला. तेव्हापासून हे नियम बांधत आणले गेले. गावात मात्र कागदावरच्या वसुलीचं पुन्हा कलेक्शन होतं. आणि तिथे 'आज नको' चालत नाही. चप्पलवाल्याला जी मोकळीक देतो तोच शब्द इथे ती नसल्याचं झाकतो. अण्णांचा मुखवटा इथे चपखल बसतो.

ताईंनी हे मान्य केलं, पण पुरतं नाही. "नियम मलाबी पाठ हायेत, गटात वाचून दाखवलेत मी. पण तुमची वसुली काय सोवळी होती? तगाईच्या टायमाला दारातली भांडी कोणी उचलली? घागर, परात सगळं चावडीवर. तिथं शब्द एकदम खरा होता. त्यानं परात राहिली का?"

जुन्या तगाईच्या, म्हणजे शेतकऱ्याला दिलेल्या सरकारी कर्जाच्या, जप्त्या मराठवाड्यात कोणी विसरलेलं नाही. अण्णांनी चष्मा पुसला आणि विषय कलेक्टरवर नेला, नोकरीतली सवय.

त्यांचं म्हणणं असं की कलेक्टर हा शब्द आता फक्त टरफल राहिला. तो गोळा काय करतो? अनेक खातेदारांचा वर्षाचा शेतसारा दोन कप चहात जाईल. सरकारी मराठीने त्याला जिल्हाधिकारी करून गोळा करण्याचा भाग काढूनच टाकला. पंचनामे, अनुदान, टँकर, निवडणूक, रेशन. सगळं वाटपाचं काम. शिवाय लातूर पॅटर्नचे क्लास लावून पोराला 'कलेक्टर हो' म्हणणाऱ्या आईच्या मनात सारा गोळा करणारा माणूस थोडाच असतो? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला. किल्लारी याच तालुक्यातलं. आदल्या रात्री गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. प्रवीण परदेशी तेव्हा लातूरचे कलेक्टर होते, आणि त्या दिवसांत त्यांच्या कचेरीने आधी प्रेतं, मग तंबू, धान्य, पत्रे आणि पुढे अख्खी गावं यांचा हिशेब केला. लातूर-उस्मानाबाद मिळून ५२ गावं नव्या जागी उठवून वसवायची होती. अण्णा तेव्हा मदतीच्या याद्या करत होते.

"आन् त्या टायमाला," अण्णा म्हणाले, "पुण्या-मुंबईच्या शाळांतल्या पोरांनी डबे फिरवले. गणपती मंडळांनी उरलेली वर्गणी पाठवली. त्याला कोणी कलेक्शन म्हणलं नाही. मदत गोळा केली म्हणले. शब्द लागतोय तिथं आपोआप येतोय बघ."

ताई भूकंपाच्या वर्षी पहिलीत होत्या, त्याच पट्ट्यातल्या एका गावात.

"आम्हाला कुठं ठावं कोण काय गोळा करायलंय? तिकडं गोळा झालं असंल. इकडं ट्रक आला की गावात एकच शब्द, 'वाटप आलं'. आई पळायची. एकदा वाटपात मला दोन्ही डाव्या पायाचे बूट आलते."

यावर अण्णांकडे बोलायला काही नव्हतं. अशा वादात एरवी कोणी लक्षात घेत नाही ते ताईंच्या बुटांनी दाखवलं: जमवण्याचे मराठीतले सगळे नेमके शब्द हे जमवणाऱ्याचे किंवा देणाऱ्याचे आहेत. ज्याच्यासाठी जमवलं त्याच्या तोंडी ते नसतातच. मराठीची ही श्रीमंती एकाच बाजूची आहे, आणि इंग्रजी शब्दाच्या कोरेपणाबद्दल नाक मुरडताना हे सोयीस्करपणे विसरलं जातं.

चहाची दुसरी फेरी आली. अण्णांनी समेटाचं म्हणून एक कोर्टाचं प्रकरण काढलं. पिग्मी एजंट हे बँकेचे कोणी लागतात का, हा तंटा सुप्रीम कोर्टात गेला होता आणि २००१ मध्ये निकाल लागला. कमिशनवर असले तरी ते कायद्याने कामगार आहेत, असं कोर्टाने ठरवलं. नियमित कर्मचाऱ्यांच्या बरोबरीने नोकरीत घ्यायला मात्र नकार दिला. "त्या निकालात तुमच्या लोकांचं नाव काय आहे माहीत आहे का? डिपॉझिट कलेक्टर. म्हणजे एक कलेक्टर लातूरला आन् एक तू."

"लाल दिवा कुठाय मग माझा?"

"लाल दिवा २०१७ लाच काढला सगळ्यांचा."

"तो निकाल बी बँकांचा, अण्णा. आमची पतसंस्था." ताईंनी यंत्र पिशवीत टाकलं आणि पुन्हा बाहेर काढलं. "कलेक्टरला पगार हाय. मला शेकड्यामागं कमिशन, ते बी दिवाळीपासून अडकवून ठेवलंय. तुम्ही अर्ज लिवता ना? मग तेवढं माझं वसूल करून द्या."

अण्णांनी कोरा कागद ओढला, वर उजवीकडे तारीख टाकली आणि विषयाच्या ओळीवर पेन टेकवून विचारलं, काय लिहू?

"लिवा की, थकलेल्या कमिशनची वसुली."

"वसुली नको," अण्णा म्हणाले. "वाचूनच साहेब चिडतेत. विनंती लिहितो."